स्वतःच्या आवाजातली बावीस वाक्यं

सेन्योरांपुढे, म्हणजे माझ्या घरमालकिणीपुढे, वाक्य नुसतं हवेत सोडून देता यायचं नाही. आपण काहीही बोललो, की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "कोणाला?" सकाळी खिडकीपाशी उभं राहून मी म्हणाले, "आजही पाऊसच," की मागून आवाज यायचा, "कोणाला सांगतेस? मला की पावसाला?" एकदा स्वयंपाकघरातल्या खुर्चीला धडकून मी सवयीने "सॉरी" म्हणाले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, खुर्चीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ती काही बोलली नाही. पण तू म्हणालीस ते बरं केलंस." पहिला महिनाभर मला वाटत होतं, बाईंना कमी ऐकू येतं. प्रत्यक्षात इतकं स्वच्छ ऐकू यायचं, की वरच्या मजल्यावर मी फोनवर कोणाशी बोलतेय ते त्यांना खाली बसून कळायचं.

मी त्यांच्याकडे राहायला गेले ती काही कलेच्या ओढीने नव्हे. डब्लिनमध्ये खोली शोधणं हे काय प्रकरण आहे, ते इकडे शिकायला आलेल्या कोणालाही विचारा. लग्न जमवणं त्यापेक्षा सोपं. माझं मास्टर्स संपलं होतं, सिटीवेस्टच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि कॉलेजची खोली पंधरा दिवसांत सोडायची होती. त्यात डून लेरीची ही खोली मिळाली. म्हणजे घर शहराच्या एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या. आधी डार्टच्या लोकल गाडीने शहरात जायचं, तिथून लुआस ट्रामच्या रेड लाइनने जवळजवळ शेवटापर्यंत. मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. पण फोनवर बाईंनी माझा पगार विचारला नाही, मी स्वयंपाकात मसाला किती घालते तेही विचारलं नाही. "ये आणि मला काहीतरी वाचून दाखव," एवढंच म्हणाल्या. मी गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. मी तिच्यावरच्या सूचना मोठ्याने वाचल्या. त्या म्हणाल्या, "तुला खोटं बोलता येणार नाही, लगेच पकडली जाशील. राहा." गल्लीतले सगळे त्यांना सेन्योरा म्हणायचे, अगदी पोस्टमनसुद्धा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या मला निन्या म्हणायच्या. त्यांच्या स्पॅनिश भाषेत सेन्योरा म्हणजे बाई, निन्या म्हणजे पोरी.

त्या कोण होत्या हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही ताटल्या शोधताना. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. "ताटल्या प्रेसमध्ये आहेत," असं सांगून त्या फिरायला गेल्या आणि मी भलतंच कपाट उघडलं. आत ग्रामोफोनच्या रेकॉर्ड खच्चून भरलेल्या होत्या. प्रत्येक वेष्टनावर तोच चेहरा, मोठे डोळे आणि गालावर एक तीळ. खाली अक्षरं मात्र दर वेळी वेगळी. इटालियन, जर्मन, ग्रीक, जपानी. एकीवरची लिपी तर मला ओळखूसुद्धा आली नाही. त्या परत आल्या तेव्हा मी जमिनीवर रेकॉर्डींचा पसारा मांडून बसले होते. "ताटल्या डावीकडच्या प्रेसमध्ये आहेत," त्या म्हणाल्या, आणि कोट काढून बटाटे सोलायला बसल्या.

पुढे त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. स्पेनच्या दक्षिणेला, कोळ्यांच्या एका गावात त्यांचा जन्म. सोळाव्या वर्षापासून लग्नांच्या पंगतीत गाणं, मग रेडिओ, मग माद्रिदमध्ये सिनेमा. त्या काळी एकच गाणं पाचसहा देशांसाठी त्या त्या भाषेत गाऊन घ्यायची पद्धत होती. सेन्योरांना भाषा तीन यायच्या, पण गाणी नऊ भाषांत होती. त्या वहीत आपल्या अक्षरांत परक्या भाषेतले नुसते आवाज लिहून घ्यायच्या आणि आपण पाढे पाठ करतो तसे पाठ करायच्या. अर्थाच्या मागे लागायच्या नाहीत. गाणं कोणाला म्हटलंय, एवढं मात्र विचारायच्या. ही सवय लागली जपानमध्ये. तिथल्या दुभाष्याने सांगितलं की गाणं प्रियकराला उद्देशून आहे. सेन्योरांनी भर कार्यक्रमात मान वेळावून, डोळे मिचकावून गाणं म्हटलं. पुढच्या रांगेतल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. नंतर कळलं, ते गाणं समुद्रात बुडून गेलेल्या भावाला म्हटलेलं होतं. "कोणी काही बोललं नाही," त्या सांगायच्या. "फार सभ्य लोक. मी मात्र हॉटेलवर जाऊन उशीत तोंड खुपसलं."

सिनेमाचं तंत्र आणखी विचित्र होतं. तीनचार देशांच्या पैशांतून एक सिनेमा निघायचा आणि सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. आवाज नंतर भरायचे, त्यामुळे कोण काय बोलतंय याची फिकीर नसायची. त्यांचा एक जर्मन नायक संवाद पाठ करायचा कंटाळा करी. प्रेमाची कबुली देताना तो सरळ एकपासून आकडे म्हणायचा. "पण नट चांगला होता," सेन्योरा म्हणायच्या. "बाराच्या आसपास त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. वीस म्हणताना तर मीही रडले आहे."

हे त्या हसून सांगायच्या. पुढचं मात्र हसून सांगत नसत. इटालियनमध्ये त्यांच्या तोंडी एका रोमच्या बाईचा आवाज होता, इंग्रजीत लंडनच्या, हे त्यांनी समजून घेतलं होतं. पण खुद्द त्यांच्या मायभाषेतसुद्धा त्यांचा आवाज काढून माद्रिदच्या एका बाईचा घातला होता, कारण सेन्योरांचं बोलणं दक्षिणेकडचं होतं. त्या शब्दांची शेपटं गिळायच्या. निर्माता म्हणाला, अशी बोली मोलकरणीला शोभते, नायिकेला नाही. गाण्यांत त्यांचा आवाज राहिला, बोलण्यात कधीच नाही. चौतीस सिनेमे केले आणि एकाही सिनेमात त्या स्वतः बोललेल्या नाहीत. "घरचे सगळे माझा पहिला सिनेमा बघायला शेजारच्या गावी गेले," त्यांनी एकदा सांगितलं. "परत आल्यावर आई म्हणाली, छान दिसतेस. मग म्हणाली, ती कोण बोलत होती?"

त्यांचं लग्न आयर्लंडमध्ये झालं तेही यातूनच. ट्रलीच्या पुढे समुद्रकाठी एका सिनेमाचं चित्रीकरण होतं, आणि ध्वनिमुद्रण करणारा तिथलाच एक उंच, अबोल तरुण होता. सेटवरचं बोलणं कच्चं म्हणून टेपवर घेत आणि नंतर फेकून देत. ते काम त्याचं. दिवसभर कानांवर हेडफोन लावून तो सेन्योरांचं बोलणं ऐकत बसे. "माझा आवाज ऐकणारा सगळ्या युनिटमध्ये एकच माणूस होता," त्या म्हणायच्या. "त्याच्याशी लग्न नाही करायचं तर कोणाशी?" ते मी राहायला जायच्या आधीच वारले होते. त्यांची एक शिस्त मात्र सेन्योरांनी ठेवली होती: कोणतीही वायर गुंडाळायची ती एकाच मापाच्या वेटोळ्यांत. माझ्या लॅपटॉपची वायर त्यांनी किती वेळा उलगडून पुन्हा गुंडाळली असेल याला गणती नाही.

माझं काम ऐकून त्यांची करमणूक व्हायची. आमची टीम फोनवरचे आवाज बनवते. विमा कंपनीला फोन लावल्यावर "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगणारी बाई ही बाई नसते, ते आमचं सॉफ्टवेअर असतं. मी हे जरा मिरवतच सांगितलं.

"ती हे कोणाला म्हणते?"

"जो फोन करेल त्याला."

"म्हणजे कोणालाच नाही," सेन्योरा म्हणाल्या. "मग लोक चिडतात यात नवल काय."

एका रविवारी जेवताना त्यांनी विचारलं, "तू दर रविवारी वर कोणाशी बोलतेस? तेव्हा तू पोटातून बोलतेस. बाकी दिवस नाकातून." मी आईशी बोलत असे. मी मूळची अमरावतीची. पुण्याला इंजिनिअरिंगला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये "मले वाढा" म्हणाले. मुली हसल्या. वाईट हेतूने नव्हे, पण हसल्या. महिन्याभरात मी "मला" म्हणायला शिकले, पुढे ऑफिसात तर गोऱ्यांसारखं इंग्रजीही. डून लेरीच्या त्या खोलीत ऐकणारं कोणी नाही अशा समजुतीने माझी वऱ्हाडी परत आली होती. हे मी सेन्योरांना सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, "बघ, तुला डब करायला निर्मातासुद्धा लागला नाही." दोन दिवस मला ते वाक्य लागून राहिलं होतं.

चौथ्या वर्षी त्यांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून आम्ही महिना काढला. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रात कॅन्सर आहे, ते पूर्ण काढावं लागेल. मी शेजारी बसले होते. सेन्योरांनी विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर धीर देऊ लागले, ऑपरेशननंतर माणसं अनेक वर्षं जगतात वगैरे. "ते नाही," सेन्योरा म्हणाल्या. "आवाजाचे किती?" डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे, आणि तोवर शक्य तितकं कमी बोला.

स्पेनमधलं, त्यांच्या गावाजवळच्या शहरातलं एक चित्रपट-संग्रहालय दोन वर्षांपासून त्यांच्या मागे लागलं होतं. त्यांचा सगळ्यात गाजलेला सिनेमा नव्याने स्वच्छ करून दाखवायचा होता आणि त्या वेळी सत्कार करायचा होता. सेन्योरांनी दोनदा नकार कळवला होता. दवाखान्यातून आलो त्याच दुपारी त्यांनी मला मेल लिहायला बसवलं. सत्कार नको. सिनेमातला शेवटचा प्रसंग तेवढा माझ्या आवाजात करू द्या. चार आठवड्यांच्या आत.

त्या प्रसंगात कोळ्याची मुलगी धक्क्यावर आईला सांगते, की मी जहाजाने चालले आहे, परत येईन असं वाटत नाही. आई एक अक्षर बोलत नाही. मुलीची बावीस वाक्यं आहेत. संग्रहालयाचे गृहस्थ भले होते, त्यांनी होकार दिला आणि डब्लिनमधला एक लहानसा स्टुडिओ ठरवला. त्या दिवसापासून सेन्योरांनी घरात बोलणं बंद केलं. मीठ हवं असेल तर बोट दाखवायच्या. आवाज फक्त सकाळच्या तालमीला काढायचा. मी सिनेमातला तुकडा लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा लावायचे आणि त्या पडद्यावरच्या ओठांकडे बघत बोलायच्या.

नेमकी तेव्हाच माझी आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तिला इंग्रजी येत नाही, स्पॅनिशचा तर प्रश्नच नाही. सेन्योरांनी पहिल्या तालमीला तिला खूण करून समोर स्टुलावर बसवलं. बोलायला समोर कोणीतरी हवं होतं. सेन्योरा स्पॅनिशमध्ये बोलल्या आणि दुसऱ्याच वाक्याला आईने उत्तर दिलं, "जाय न मंग. पन पोचली का फोन कर जो."

"आई, तू बोलायचं नाहीये," मी म्हणाले.

"काऊन? पोरगी चालली, अन् माय मुक्यानं बसन?"

मी हे सेन्योरांना इंग्रजीत सांगितलं. त्या दिवसाच्या कोट्यातली दोन वाक्यं खर्चून त्या म्हणाल्या, "बोलू दे तिला. सिनेमातली आई गप्प बसली, म्हणून मला इतकं बोलावं लागलं."

दोघींचं त्यानंतर छान जमलं. आई त्यांना मावशी म्हणायची आणि मऊ भात करून घालायची. तालीम मात्र नीट होत नव्हती. एकोणिसावं वाक्य लांबलचक होतं. चोवीस वर्षांच्या मुलीने ते एका श्वासात म्हटलं होतं. सेन्योरा एक्याऐंशीच्या. मध्येच घसा चिरकायचा, खोकला यायचा, आणि पडद्यावरचे ओठ हलत पुढे निघून जायचे. एका शनिवारी अकरा वेळा करूनही जमलं नाही. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आता माझी चूक सांगते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड आहे, समोर माणूस रडत असला तरी आम्हाला आधी बग दिसतो. माझ्याकडे सेन्योरांच्या जुन्या रेडिओ मुलाखती होत्या, त्यांच्या नवऱ्याने जपून ठेवलेल्या. त्यांतला तरुण आवाज घेऊन ती बावीस वाक्यं यंत्राकडून बोलवून घेणं हे तर माझं रोजचं काम. दोन दिवस ऑफिसातून येऊन मी तेच केलं. अप्रतिम झालं. शेपटं गिळलेले शब्द, दक्षिणेकडचा हेल, सगळं जसंच्या तसं. ओठांशीही तंतोतंत. मी इतकी खूश झाले की सेन्योरांना ऐकवायच्या आधीच तो नमुना संग्रहालयाला पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. त्यांनाही फार आवडला होता, आता बाईंना या आजारपणात स्टुडिओपर्यंत यायची तसदी नको, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तो नमुना आणि ते उत्तर, दोन्ही घेऊन खाली गेले. वाढदिवसाची भेट द्यावी तशी.

सेन्योरांनी हेडफोन लावून सगळं ऐकलं. मेल वाचली. मग हेडफोन काढले आणि त्यांची वायर मापात गुंडाळली.

"छान बोलते," त्या म्हणाल्या. "कोण ही?"

"तुम्हीच."

"नाही. रोमची, लंडनची, माद्रिदची, आणि ही चौथी." वेटोळं टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "निर्मात्यांनीही मला विचारलं नव्हतं, निन्या. आणि त्यांनीही माझं भलंच करायचं म्हणून केलं होतं."

नंतरचे चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलं होतं, तेव्हा हा राग की पथ्य हे कळायला मार्ग नव्हता. पण मी खोलीत आले की त्या उठून जायच्या, त्यावरून कळलं. तालीमही बंद पडली. ऑपरेशनला तेरा दिवस उरले होते. आईने तर मला धारेवर धरलं. "तू शिकली-सवरली, मंग इचारलं काऊन नाही? मावशीचा आवाज म्हंजे काय परसातला कढीपत्ता हाय, न इचारता तोडाले?"

मी वाद घालून पाहिला. मी म्हणाले, मी त्यांचं दुःख कमी करायला गेले होते. आई म्हणाली, "दुःख त्याइचं. कमी करा म्हनून त्याइनं सांगतलं होतं का तुले?" मला स्वतःची लाज वाटली. पुण्याच्या मेसमध्ये तुझं बोलणं असं चालत नाही, हे मला न सांगता कळवलं गेलं होतं, तेच मी हौसेने सेन्योरांना कळवलं होतं.

पाचव्या दिवशी मी सेन्योरांना म्हणाले, मी संग्रहालयाला फोन करते, तुमच्यासमोर. त्या खुर्चीत बसून राहिल्या, उठून गेल्या नाहीत. मी स्पीकर लावला आणि त्या गृहस्थांना सांगितलं, की हा नमुना मी बाईंना न विचारता केला, तो वापरता येणार नाही, स्टुडिओ ठरल्याप्रमाणेच हवा. ते बिचारे घुटमळले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "माझी अडचण समजून घ्या. पडद्यावर चोवीस वर्षांची मुलगी, आणि तिच्या तोंडून एक्याऐंशी वर्षांच्या आजारी बाईचा आवाज. लोक हसतील. ते चालणार आहे का त्यांना?"

मी सेन्योरांकडे पाहिलं. त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. आवाज फाटलेला होता, पण शब्द कळले.

"हसू देत. मलाच हसतील ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "गुरुवारी अकरा वाजता."

लॅपटॉपवरच्या त्या आवाजाच्या सगळ्या फाइल्स मी त्यांच्यासमोर पुसल्या. आई साक्षीदार म्हणून बसली होती. काय पुसतेय हे तिला कळत नव्हतं, पण चेहरा न्यायाधीशाचा होता. सेन्योरांनी मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. ताटल्या मांडायला सांगितल्या, बोटाने.

स्टुडिओतला ध्वनिमुद्रक तरुण आयरिश मुलगा होता, अतिशय नम्र. आईला आत बसवायला त्याची ना नव्हती, पण तिच्या बांगड्या माइकमध्ये वाजत होत्या. त्या काढता येतील का, असं त्याने विचारलं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मालक जिते हायेत माहे. मी नाही काढत." मुलगा गोंधळला. शेवटी सेन्योरांनी गळ्यातला लोकरी मफलर सोडला आणि आईच्या दोन्ही मनगटांना मिळून गुंडाळला. बेड्या घातल्यासारखी ती स्टुलावर बसली आणि त्या दिवशी मात्र खरंच गप्प राहिली.

पहिली अठरा वाक्यं दोन तासांत झाली. एकोणिसावं सहा वेळा केलं. एकदा पहिला अर्धा भाग बसायचा, एकदा दुसरा. मुलगा भीत भीत म्हणाला, दोन तुकडे जोडले तर चालेल का, कळणारही नाही. मला वाटलं, आता या उठून जातील. सेन्योरा पाणी प्यायल्या. "जोड," त्या म्हणाल्या. "दोन्ही माझेच आहेत."

शेवटची तीन वाक्यं त्यांनी एका दमात केली. आवाज खरखरीत होता, मध्ये चक्क श्वास घेतलेला ऐकू येत होता, आणि पडद्यावरची ती मोठ्या डोळ्यांची मुलगी त्या आवाजात आईला सांगत होती की मी जाते. मी काचेच्या या बाजूला उभी राहून रडले. आईला एक शब्द कळला नव्हता, तीही रडत होती. मनगटं बांधलेली, त्यामुळे डोळे पुसायची पंचाईत.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सेन्योरांना त्यांची भाची स्पेनला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, घशात एक झडप बसवली की थोडं बोलता येईल. सेन्योरांनी पाटीवर लिहून विचारलं, "माझ्यासारखा आवाज येईल?" डॉक्टर प्रामाणिक होते, नाही म्हणाले. सेन्योरांनी पाटी पुसली. घर विकलं गेलं, मी सिटीवेस्टला ऑफिसजवळ राहायला गेले. सिनेमा संग्रहालयाच्या शहरात लागला, तेव्हा त्या भाचीबरोबर मधल्या रांगेत बसल्या होत्या. संग्रहालयाच्या गृहस्थांनी मला खरं तेच कळवलं. पहिल्या दोन वाक्यांना थोडे लोक हसले, तिसऱ्यापासून कोणी नाही. सेन्योरांचं पत्र आलं त्यात एवढंच होतं, "हसले ते ऐकलं. म्हणजे ऐकत होते." गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. भाचीने मला मेल केली आणि मी ती आईला फोनवर वाचून दाखवली. आईने विचारलं, "मावशीच्या जवळ होतं न कोनी?" मी म्हणाले, होतं.

कामावर मी अजून आवाजच बनवते. पण कोणाच्याही आवाजाचा नमुना टेबलावर आला, की मी आधी विचारते, या माणसाला विचारलंय का? टीममधले माझी नक्कल करतात. इथले लोक म्हणतात तसं, ग्रँड, म्हणजे ठीक आहे, करू देत. मीटिंगमध्येही आता मी माझ्या पद्धतीनेच बोलते. सुरुवातीला एकदोघांनी भुवया वर केल्या, नंतर सवय झाली.

ऑपरेशनची सकाळ मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. आत नेण्याआधी रुग्णाची ओळख पटवून घेतात. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची असते. थिएटरच्या दारापाशी केरळची एक नर्स कागद घेऊन उभी होती. घरी पत्रं यायची ती नवऱ्याच्या आडनावाने, रेकॉर्डींवर असायचं ते निर्मात्याने ठेवलेलं नाव, आणि दवाखान्याचे कागद त्या स्वतःच भरायच्या, पासपोर्टवरच्या नावाने. त्यामुळे चार वर्षं एका घरात राहून मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. सेन्योरांनी ट्रॉलीवर मान थोडी उचलली आणि सांगितलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव, मग बापाचं आडनाव, मग आईचं. शेवटची अक्षरं गिळून, कोळ्यांच्या त्या गावात म्हणत असतील तसं.

"पुन्हा सांगाल का, जरा सावकाश?" नर्स म्हणाली.

सेन्योरांनी पुन्हा सांगितलं. सावकाश सांगितलं, पण अक्षरं होती तशीच गिळली. मग जन्मतारीख सांगितली. नर्सने वाकून मनगटावरच्या पट्टीशी सगळं ताडून पाहिलं.

"हो, तुम्हीच," ती म्हणाली, आणि ट्रॉली आत गेली.